उतर मास्तर

रॉक ऐकायचं तर ते अंगावर यायला हवं, असं माझं मत आहे आणि ते मी आजवर बदललेलं नाही. संगीताने मन शांत होतं असं लोक म्हणतात. होत असेल. मी पहिल्यांदा रॉक ऐकलं तेव्हा मला कुणाला तरी मारावंसं वाटलं होतं.

मी तेव्हा इंटरला, म्हणजे अकरावीला, होते. आम्ही वांकिडीला राहायचो, आंध्रात, पण महाराष्ट्राच्या सीमेलगत. बाबा मराठी शाळेत मास्तर. माझ्यापेक्षा थोडा मोठा असलेला दादा चंद्रपूरला आयटीआय करत होता. होळीला सुट्टी घेऊन तो घरी आला, तो पाठीवर काळ्या पिशवीत जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि खिशात एक कॅसेट घेऊन. कॅसेटवर छापील असं काही नव्हतं. नागपूरच्या कॉलेजातल्या काही पोरांनी होस्टेलच्या खोलीत स्वतःच भरलेली ती. कुठल्या कंपनीने काढली नव्हती, दुकानात मिळत नव्हती. एकाच्या टेपातून दुसऱ्याच्या टेपात उतरताना दर वेळी थोडी आणखी खरखरीत होत होती.

घरातला टेप बाबांचा. त्यावर सकाळी बुद्धवंदना लागायची आणि भीमजयंती जवळ आली की गाणी. दादाने बाबा शाळेत असताना ती कॅसेट लावली. पहिल्याच आवाजाला माय चुलीपुढून उठून आली.

“टेप बिघडला का रे? बंद कर नं, जळन तो.”

“बिघडला नाई माय. असंच हाये ते.”

त्या पोरांबद्दल माझं मत तेव्हाच बनलं. कॅसेटची पहिली बाजू वाया गेलेली होती. त्यात ते दुसऱ्यांसारखं वाजवायला बघत होते, नीटनेटकं, घाबरत. दुसऱ्या बाजूला मात्र त्यांना कोणाची तरी चीड आली असावी. गाणारा सुरात नव्हता, पण तो खोटं बोलत नव्हता. ढोल वाजवणारा ताल चुकवून पुढे पळत होता आणि बाकीचे शिव्या दिल्यासारखे त्याच्यामागे धावत होते. मी उभी राहून त्या आवाजाबरोबर ओरडले. शब्द नव्हतेच, नुसती ओरडले. माझ्या मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि डोळ्यांत पाणी आलं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. “गाऊ नोको वं तू,” तो म्हणाला. “तू अशीच वरड.”

ढोलकरी आम्हाला आसिफाबादला मिळाला. लग्नाच्या बँड पार्टीत मोठा ढोल वाजवायचा, दादाच्याच वयाचा, तेलुगू घरचा. आमच्याशी हिंदीत बोलायचा. ढोल फोडतो म्हणून मालकाने त्याला हाकलला होता. हात असे, की काठी धरली की मनगटापासून कोपरापर्यंत दोरखंड उठायचे. दादाला तो अन्ना म्हणायचा आणि मी लहान असूनही मला अक्का. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, “अक्का, तुम चिल्लाव. मैं मारतूं. अन्ना को बीच में जो करना है करन दो.”

एवढाच आमचा बँड. बास गिटार नव्हती आणि मला ती कधी हवीशीही वाटली नाही.

पहिला कार्यक्रम आमच्याच मोहल्ल्यात झाला, जयंतीच्या दुपारी. शाहिरांची पार्टी यायला उशीर होत होता, मंच रिकामा होता. दादाने कमिटीवाल्यांना म्हटलं, तोवर आम्ही म्हणतो. त्यांना वाटलं मास्तरची मुलं आहेत, एखादं स्वागतगीत म्हणतील. दादाने गिटारची वायर माईकवाल्याच्या अँप्लिफायरला जोडली आणि तारांवर हात मारला. झाडावर बांधलेला भोंगा किंचाळला. खालची म्हातारी माणसं कान धरून उठली. कोणीतरी “करंट आला, करंट!” म्हणून ओरडलं. आणि मी तोंड उघडलं.

अर्धं गाणंही झालं नसेल. बाबा पांढऱ्या शर्ट-पॅन्टमध्ये मंचावर चढले. त्यांनी दादाच्या कानाखाली वाजवली. दादा वाजवत राहिला. त्यांनी पुन्हा मारली, या खेपेला उलट्या हाताने, आणि दादाच्या नाकातून रक्त आलं. ते गिटारवर सांडलं, त्याच्या बोटांना लागलं, बोटं तारांवरून घसरायला लागली, तरी तो थांबेना. ढोलवाल्याला वाटलं हे सगळं कार्यक्रमातलंच आहे. तो अधिकच जोराने मारत सुटला. मग बाबांनी वाकून वायर धरली.

“बाबा, तुमी मारा,” दादा म्हणाला. “पन वायर तोडू नोका.”

बाबांनी वायर उपटली. सगळ्या मोहल्ल्यासमोर ते म्हणाले, “याच मंचावर भेटलं तुमाले हे? लोकं काय म्हनतीन, मास्तरचे पोरं पागल झाले?”

मी दादाच्या बाजूची होते, हे उघड आहे. पण त्या दिवशीचं वाजवणं चांगलं होतं का, असं विचारलं तर नाही. आम्ही चिडलो होतो, पण कशावर ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. नुसता मोठा आवाज कोणीही काढतं, कापसाचा ट्रकसुद्धा काढतो.

चीड कशावर, ते मायने सांगितलं. त्या आठवड्यात बाबा आमच्याशी बोलत नव्हते. माय ज्वारी पाखडत होती आणि मी शेजारी बसून बाबांना बोल लावत होते. ऐकता ऐकता तिने सूप खाली ठेवलं.

“तुह्या बापाले चारचौघात इज्जत काऊन पाह्यजे, मालूम हाये तुले?”

बाबांची नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. दूरच्या एका गावात नेमणूक होती. ते सायकलने शाळेत जायचे. एक दिवस घरी परतताना शाळेजवळच्या मोठ्या लोकांच्या गल्लीतून सायकलवर बसून गेले. ओट्यावरच्या माणसांनी उतरवलं. उतर मास्तर, म्हणाले. उतरले. आता सायकल खांद्यावर घे. घेतली. तशीच ती शाळेपासून वेशीपर्यंत न्यायला लावली, आणि शाळेतली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती.

“आन मंग?” मी विचारलं.

“मंग काय? दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. शिकवलं.” तिने सूप उचललं. “मी सांगतलं म्हनून सांगू नोको त्याईले.”

मी मागच्या अंगणात गेले आणि कडुलिंबाच्या खोडावर मुठी आपटत राहिले, सालं निघेपर्यंत. मग गाणं आलं. एवढंसंच होतं.

उतर मास्तर, उतर मास्तर,
सायकल घे खांद्यावर,
चाक फिरे हवेत मास्तर,
शाळा तुह्या पाठीवर.

आणि त्यानंतर मी ओरडायचं, “नाई उतरत!” हे पुन्हा पुन्हा, ढोल थांबेपर्यंत. खरा मास्तर उतरला होता. गाण्यातला उतरत नव्हता. दादाला मी ते म्हणून दाखवलं. गिटार घेऊन त्याने एकच सूर धरला आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढत राहिला. त्या सुरात ते गाणं बसलं.

पुढे दादाला आदिलाबादला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये वायरमनचं काम लागलं. पावसाळ्यात जिनिंग बंद असते. रिकामं पत्र्याचं शेड, वर पाऊस, खाली सरकीचा कुबट वास. तिथे आम्ही आमची कॅसेट भरली. टेप डेक एका कॅसेटवाल्याकडून मागून आणला होता. कंपन्यांच्या कॅसेटी मला कधी आवडल्या नाहीत. त्यातला प्रत्येक आवाज घासून पालथा घातलेल्या भांड्यासारखा वेगळा वेगळा ठेवलेला असतो. आमच्या शेडमध्ये ढोलाचा ठोका पत्र्यावर जाऊन परत यायचा आणि पुढच्या ठोक्याच्या पाठीत बसायचा. ते आम्हाला काढून टाकता आलं नसतं, आणि आलं असतं तरी मी काढू दिलं नसतं.

“उतर मास्तर” भरताना मी अनवाणी होते. फरशी ओली होती. दादाच्या अँप्लिफायरला अर्थिंग नव्हतं. वायरमन असून त्याने ते केलं नव्हतं, घाईत राहून गेलं. “नाई उत–” एवढं म्हणताना माझा ओठ माईकला लागला. मला आठवतो तो पांढरा उजेड आणि जबड्यात बसलेला हातोडा. मी मागच्या मागे पडले. दात जिभेत घुसले होते. ढोलवाल्याचं डोकं खाली, तो वाजवतच होता. दादाने गिटार फेकली, मेन बंद केलं आणि माझ्या गालांवर चापट्या मारायला लागला.

“बोल वं! बोल काईतरी!”

तोंडातलं रक्त थुंकून मी विचारलं, “भरलं का?”

“काय?”

“टेपात. वरडनं भरलं का माह्यं?”

मेन सुरू करून त्याने टेप मागे घेतला. आम्ही तिघांनी ते ऐकलं. “नाई उत” आणि मग माणसाच्या घशातून येऊ नये असा आवाज, त्यावर ढोल, आणि मागे पाऊस. ढोलवाल्याने कान धरले. “ये रखते क्या अक्का?” “हौ,” मी म्हटलं. दुसऱ्यांदा भरायचा प्रश्नच नव्हता.

भांडण झालं ते गाण्यांच्या क्रमावरून. दादाचं म्हणणं हे गाणं सगळ्यात आधी. मी म्हणत होते शेवटी. पहिलं गाणं दार लाथेने उघडणारं असावं, पण त्यातच घर पेटवून दिलं तर पुढे करायचं काय? दादाने पक्कड फेकून मारली, ती माझ्या खांद्याला लागली. मी त्याच्या हाताला चावले. शेवटी ढोलवाल्याने आम्हाला ओढून वेगळं केलं आणि म्हणाला, दुसऱ्या बाजूचं पहिलं ठेवा. “जिसने अपने हाथ से पलटाया, वो सुनने कूच पलटाया.” तसंच केलं. आजही मला वाटतं, कॅसेट होती तोवर अल्बमला मधोमध एक दार होतं. नंतर सीडी आल्या आणि ते दार गेलं.

कॅसेट जीपवाल्यांनी पसरवली. उटनूर-नार्नूरच्या जीपांमध्ये ती वाजायला लागली, कारण गाडीच्या घरघरीतही ती ऐकू यायची. तिकडे भीमपूरच्या बाजूला कापसाच्या हंगामात पोरं “नाई उतरत!” ओरडत ट्रॅक्टर हाकतात, असं कानावर आलं. गाणं कशाबद्दल आहे ते सगळ्यांना कळत होतं असं नाही. आणि अशाच एका जीपमध्ये आमची कॅसेट ऐकून सीमेवरच्या एका गावचा पोरगा दादाला शोधत जिनिंगवर आला. मोठ्या शेतीवाल्यांच्या घरचा, केस वाढवलेला. त्यांच्याकडे नवरात्रात शारदादेवी बसते, कार्यक्रमाला या म्हणाला. त्याला आमचं वाजवणं मनापासून आवडलं होतं, यात मला शंका नाही. पण कॅसेट कितव्यांदा उतरवलेली होती कोण जाणे. शब्द त्याला नीट लागले नसावेत.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. दिवस कलायला लागला होता. मंच म्हणजे जोडलेल्या दोन बैलगाड्या, वर फळ्या. पहिली गाणी छान झाली. पोरं उड्या मारत होती, धूळ गुडघ्यापर्यंत उठली होती. लाइव्ह कार्यक्रमाची माझी एक कसोटी आहे. समोरच्या माणसाला तुमच्यावर धावून यावंसं वाटलं पाहिजे, आणि तो कशासाठी येतोय, मिठी मारायला की गळा धरायला, हे त्याला स्वतःला ठाऊक नसलं पाहिजे. त्या संध्याकाळी तसं झालं होतं. मग दादाने तो सूर ओढायला सुरुवात केली.

भोंग्यातून शब्द स्वच्छ गेले. पहिल्या कडव्याला ओट्यावर बसलेले गप्प झाले. त्या गावात शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या वेळेला एक माणूस उभा राहून ओरडला, “कोन्या गावची गोष्ट हाये हे? आमाले सांगून राह्यली का?” खाली नाचणाऱ्या पोरांना काहीच कळलं नव्हतं. ती “नाई उतरत!” ओरडत होती, आणि आम्हाला बोलावणारा पोरगा सगळ्यांत मोठ्याने. त्याच्या काकाने त्याला सगळ्यांसमोर अशी थोबाडीत दिली की तो बसलाच. मग ते मंचाकडे आले.

गाडीच्या कडेला गवत, कडबा अडवायला उभ्या काठ्या लावतात, उभारी म्हणतात त्यांना. आमचा मंच गाड्यांचाच होता, त्यामुळे हत्यारं हाताशीच होती. उपटा आणि मारा. पहिली उभारी ढोलावर बसली आणि चामडं फाटलं. ढोलवाल्याने झांजेचा लोखंडी स्टँड उचलून गोल फिरवला, एकाच्या बरगडीत बसला, तो माणूस गुरासारखा ओरडला. दादाला खाली ओढत होते. त्याने डाव्या हाताने फळीची कड धरून ठेवली होती. त्या हातावर एकाने उभारी मारली. आणि पुन्हा. आवाज वाळक्या तुराट्या मोडल्यासारखा होता. दादा ओरडला नाही. मारणाऱ्याकडे बघत होता, जणू हा काय करतोय ते त्याला कळत नव्हतं.

माझे केस एकाने मुठीत धरले आणि मला गुडघ्यांवर ओढत नेलं. माझ्या हातात माईक होता. मी वळले आणि पूर्ण ताकदीने त्याच्या तोंडावर मारला. माईक चालू होता. त्याचा दात तुटल्याचा आवाज भोंग्यातून अख्ख्या गावाने ऐकला. खट्. एक क्षण सगळेच थांबले. मी आणखी एकदा मारलं. मग माझ्या डोक्यात काहीतरी बसलं आणि मी खाली गेले, आणि लाथा सुरू झाल्या.

मेलो नाही ते आम्हाला बोलावणाऱ्या पोरामुळे. त्याने ट्रॅक्टर गर्दीत घातला. आम्हाला ट्रॉलीत टाकलं आणि पक्क्या रस्त्यावरच्या दवाखान्यापर्यंत आणून सोडलं. सगळ्या रस्त्यात त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. उतरताना मी त्याच्याशी बोलायला गेले, तर म्हणाला, “तुमी पयले काऊन नाई सांगतलं, काय गाता ते?” आणि निघून गेला.

दवाखान्यात दादाच्या हाताला कच्चं प्लास्टर घालत होते तोवर शिपाई आले. गावकऱ्यांची तक्रार आमच्या आधी ठाण्यात पोचली होती. ढोलवाल्याच्या पिशवीत आमच्या कॅसेटी निघाल्या, हाताने नाव लिहिलेल्या. त्या काळात आमच्या जिल्ह्यात असं काही सापडणं वाईट. जंगलातल्या नक्षलवाद्यांना सगळे अन्नलोग म्हणत, त्यांच्या तुकडीला दलम, आणि त्यांची गाणी गाणाऱ्यांना पोलीस शोधत असत. दादाला तो ढोलवाला अन्ना म्हणून हाक मारत होता, तेवढं पुरे झालं.

ठाण्यात मला आणि दादाला बाकावर बसवलं. ढोलवाल्याला आत नेलं. दार उघडंच होतं. “कौन अन्ना? कौनसे दलम का?” तो म्हणाला, “भाई है साब, भाई को अन्ना बोलते ना.” तेलुगू माणसाने तेलुगू पोलिसाला हे सांगावं लागलं. चपराक अशी बसली की तो आडवा झाला. त्याला उठवलं आणि पुन्हा त्याच कानावर. बाहेर आणून बसवलं तेव्हा त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती. मी रडायला लागले. “नक्को रोओ अक्का,” तो नको इतक्या मोठ्याने म्हणाला, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

सकाळी बाबा आले. धुतलेले पांढरे कपडे, खिशाला पेन. त्यांनी आम्हा तिघांकडे एकेकदा पाहिलं. फौजदाराने त्यांना उभंच ठेवलं. टेबलावर टेप होता, आमची कॅसेट आत. मराठी येणारं तिथे कोणी नव्हतं.

“मास्टर हो ना? इसका माने बोलो. एक एक लाइन. झूठ बोले तो तीनों अंदर.”

त्याने कॅसेट मधूनच कुठूनतरी सुरू केली, आणि लागलं तेच गाणं.

बाबांनी ते कधी ऐकलं नव्हतं. पहिली ओळ झाली. फौजदाराने टेप थांबवला. मी जमिनीकडे बघत होते. मारापेक्षाही त्या वेळची भीती मला जास्त आठवते.

“बोलो.”

“उतर, मास्टर,” बाबा म्हणाले. वर्गात म्हणतात तशा आवाजात. “सायकल कंधे पे ले.”

टेप सुरू, टेप बंद. “पहिया हवा में घूमता है. स्कूल तेरे पीठ पे है.” मग माझं ओरडणं आलं, शॉकचं, रक्ताचं. दारातला शिपाईसुद्धा दचकला.

“ये क्या है? चिल्लाती क्यूं?”

“मास्टर बोलता है, नहीं उतरता.” त्यांचा हात खिशातल्या पेनकडे गेला आणि तिथेच राहिला. “साब, गाने में नहीं उतरता. असल में उतरा था.”

“तुमको क्या मालूम?”

“मैंच था.”

फौजदाराने टेप बंद केला. त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि बाबांना बसायला सांगितलं. बाबा बसले नाहीत. आम्हाला सोडलं. कॅसेट मात्र त्याने ड्रॉवरमध्ये टाकली, परत दिली नाही.

बसमध्ये बाबा खिडकीशी, मी शेजारी. दादा आणि ढोलवाला मागे.

“तुह्या मायनं सांगतलं?”

“हो.”

शेतांकडे बघतच ते म्हणाले, “पायडल पाठीत रुतत होतं. चालताना. शर्ट फाटला होता. ते नाई टाकलं तुनं.”

“मले मालूम नव्हतं बाबा.”

“आता झालं नं मालूम.”

मी तो शर्ट गाण्यात घालायचा फार प्रयत्न केला. बसला नाही. प्रत्येक वेळी गाणं दयेचं व्हायचं, आणि दयेवर ढोल वाजत नाही. शेवटी मी ते बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तर राहू दे.”

केस दोन्ही बाजूंनी होती. तारखा पडत राहिल्या. गावातून आमच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी आलं नाही, ट्रॅक्टरवाला पोरगाही नाही. कोणालाही शिक्षा झाली नाही. दादाच्या डाव्या हाताची बोटं जुळली पण वळेनात. तो घरी आला आणि घर नरक झालं. ताट फेकायचा, भिंतीवर तोच हात आपटायचा. एकदा त्याने गिटार उचलून दगडावर आपटायला उगारली. मायने मध्ये पाठ घातली, घाव तिच्यावर बसला.

मग एके दिवशी तो लोखंडी पाइपचा तुकडा कापून, कानशीने घासून घेऊन आला. तो न वळणाऱ्या बोटात चढवायचा आणि तारांवरून फरफटवायचा. सूर आता तुटक येईना, घसरत यायचा, कुत्र्याच्या रडण्यासारखा, आणि नेमका कुठे थांबेल ते सांगता येत नव्हतं. ढोलवाल्याचा एक कान गेला होता. दुसरा कान दादाकडे करून तो मान वाकडी करून वाजवायचा, आणि ठोका जरा उशिरा पडायचा. आम्ही आदिलाबादला जिनिंगच्या आवारात एकदा वाजवलं, हंगाम संपताना, भर उन्हात, कामगारांसमोर. इतका वाईट, इतका बेढब आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. ऐकलेल्या सगळ्या कार्यक्रमांत तो सगळ्यांत चांगला होता, असं माझं मत आहे. बायका डोक्यावरची पाटी खाली न ठेवता उभ्या होत्या. गाणं संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. एकाने सरकीच्या ढिगात फावडं खुपसलं आणि “अजून,” म्हणाला.

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मीही मास्तरीण झाले. ढोलवाला पुन्हा बँड पार्टीत गेला. लग्नाच्या सीझनमध्ये अजून भेटतो, मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने उभी राहते. घरोघरी डिश आली तेव्हा टीव्हीवर रॉक दिसायला लागलं, केस धुतलेली पोरं, धुराची मशीन. ती वाजवायची छान, पण त्यांना कोणी मारलेलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला मारलं नव्हतं, हे पहिल्या कडव्यात कळायचं. मार खाल्ल्याशिवाय रॉक येत नाही असं मी म्हणणार नाही. दादाच्या हाताकडे बघून तसं म्हणवत नाही. बदल्यात गाणं चांगलं झालं म्हणून तो हात मला परवडला असता, असंही नाही.

दादाचं आता मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मी गेले की आमचं अजून वाजतं. तो म्हणतो, कार्यक्रम हवेत जातो, टिकते ती कॅसेट. मी म्हणते, तुझ्या जिनिंगच्या कार्यक्रमासारखी एक कॅसेट दाखव.

“तो कार्यक्रम बेकार होता,” तो म्हणतो. “मी अख्ख्या गान्यात सूर चुकलो.”

“म्हनूनच चांगला होता.”

“तुह्यं मत घाल चुलीत,” म्हणत तो उजव्या हाताने पक्कड उचलतो, आणि मी हसत दारामागे लपते.